पो ल्यूंग कूक : 'आश्रम' म्हणावे की आणखी काही?

विचारणा

नमस्कार. हाँगकाँगच्या इतिहासावरचा एक मोठा लेख मी सध्या मराठीत आणते आहे. त्यातली चार-पाच पाने पो ल्यूंग कूक या संस्थेवर आहेत. इंग्रजी अमलातली, १८७८ सालची ही धर्मादाय संस्था. पळवून आणलेल्या किंवा विकल्या गेलेल्या चिनी बायका-मुलींना ती आसरा देई. मूळ इंग्रजी मजकुरात तिला 'रेफ्यूज' म्हटले आहे आणि नावाचा अर्थ 'निष्पापांचे रक्षण' असा दिला आहे.

पहिल्या खर्ड्यात मी 'चिनी अबलाश्रम' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी वाचताना मलाच ते सोसवेना. त्या पानांवरच्या मुली बोलतात, तक्रार करतात, कधी पळून जाऊ पाहतात. त्यांना 'अबला' कसे म्हणू? आणि 'मुई त्साय' हा शब्द जागोजाग येतो, त्याला मी 'मोलकरीण' लिहिले आहे. तेही चुकतेय असे वाटते. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

ताई, आधी नावाचेच पाहू. बाकीचे पुष्कळसे त्यातच आहे.

'पो' म्हणजे राखणे, सांभाळणे. 'ल्यूंग' म्हणजे चांगले, भले. 'कूक' म्हणजे कचेरी. चिनी भाषेत टपाल कचेरीच्या नावातही हाच शेवटचा शब्द येतो. म्हणजे या नावात घर नाही, आश्रम नाही, आसराही नाही. हे काही योगायोगाने झालेले नाही. ८ नोव्हेंबर १८७८ रोजी मूळच्या दक्षिण चीनमधल्या डोंगगुआन जिल्ह्यातल्या काही चिनी व्यापाऱ्यांनी गव्हर्नर पोप हेनेसी यांच्याकडे अर्ज केला. त्यात पहिली मागणी घराची नव्हती, पळवणाऱ्यांना पकडण्याची होती. त्यांच्या मुलखातल्या बायका-मुलींना फसवून, पळवून हाँगकाँगला आणत होते आणि तिथल्या कुंटणखान्यांत विकत होते, नाही तर जहाजावर चढवून परदेशी धाडत होते. या लोकांचा माग काढायला माणसे ठेवावीत, बक्षिसे लावावीत, सोडवलेल्यांना घरी पोचवावे, असा त्यांचा बेत होता. सोडवलेल्या बायकांना ठेवायचे कुठे हा प्रश्न त्यामागून आला. तेव्हा सुरुवातीला तुंग वाह या चिनी रुग्णालयातच जागा काढली. संस्थेला कायद्याने रीतसर रूप मिळाले १८९३ मध्ये, आणि कॉजवे बेच्या लेटन रोडवरची जी वास्तू आज लोक ओळखतात ती १९३२ सालची.

म्हणून सुरुवातीच्या काळाबद्दल लिहिताना 'मंडळ' किंवा 'कचेरी' म्हणा आणि पुढे 'त्या मंडळाचे आश्रयगृह' असे लिहा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या एका शब्दात कोंबायच्या कशाला?

'आश्रम' मात्र टाळा. कानाला आश्रम आणि आश्रय सारखे वाटतात, पण आश्रमात 'श्रम' आहे आणि आश्रयात 'श्रि' हा धातू, म्हणजे टेकणे, आधार घेणे. शिवाय आपल्याकडे आश्रम म्हटले की सेवेला वाहून घेतलेले एक माणूस डोळ्यांसमोर येते. पो ल्यूंग कूक चालवणारे दुकानदार, अडते, पेढीवाले होते.

प्रतिसाद

वरच्या काकांचे 'कूक'बद्दलचे म्हणणे पटले. माझे म्हणणे मधल्या शब्दाबद्दल आहे, कारण खरी अडचण तिथे आहे आणि 'निष्पाप' या भाषांतराने ती झाकली जाते.

'ल्यूंग' (उत्तरेकडच्या उच्चारात 'ल्यांग') याचा अर्थ नुसता 'चांगला' असा नाही. जुन्या चिनी कायद्यात माणसांचे दोन वर्ग होते. एक 'ल्यांग', म्हणजे प्रतिष्ठित, मोकळी, भली रयत. दुसरा 'ज्येन', म्हणजे हीन. गुलाम, वेश्या, नट असे लोक या दुसऱ्या वर्गात पडत. अठराव्या शतकात योंगझेंग बादशहाने त्यातल्या काही गटांवरचा हीनपणाचा शिक्का काढला, पण शब्दांची ती जोडी भाषेत राहिली. 'बी ल्यांग वेइ छांग' असा एक चार अक्षरी वाक्प्रचार आहे : भल्या घरच्या बाईला बळजबरीने वेश्या करणे. आणि वेश्येने धंदा सोडून लग्न केले की 'त्सुंग ल्यांग' म्हणतात, म्हणजे ती 'भल्यांत गेली'.

आता हे नाव पुन्हा वाचा. 'भल्या घरच्यांना राखणारी कचेरी'. मराठीत 'निष्पाप' म्हटले की आपल्याला मूल आठवते, मनाची निरागसता आठवते. चिनी नावात मनाच्या निरागसतेपेक्षा समाजातली पायरी बोलते. जी आपल्या पायरीवरून ओढली गेली तिला परत त्या पायरीवर बसवायचे, असा त्याचा सूर आहे. मग जिला आईबापांनीच गरिबीपायी विकले तिचे काय? जी आपणहून आली असे कुंटणीने सांगितले तिचे काय? नावाच्या आत हे प्रश्न पहिल्या दिवसापासून बसलेले आहेत. भाषांतर करताना ते बुजवू नयेत असे मला मनापासून वाटते.

संस्थेचे ब्रीद जरा मोठे आहे : 'पो छेक ऑन ल्यूंग'. 'छेक' म्हणजे लाल, पण इथे अर्थ तान्हे मूल. जन्मलेले बाळ लालबुंद असते म्हणून चिनीत तान्ह्याला 'लाल' म्हणतात. 'तान्ह्यांना राखावे, भल्यांना स्वस्थता द्यावी' असे काहीसे. आपल्याकडे 'लालगुंज बाळ' म्हणतातच, त्यामुळे ही प्रतिमा मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

मी 'भल्या घरच्या' सुचवतो. 'कुलीन' फार उंच जाते, त्यात जातीचा वास येतो. 'घरंदाज'ला पैशाचा आणि खानदानाचा डौल आहे, आणि या मुली तर शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या. 'सुशील' म्हटले तर सगळे तिच्या वागणुकीवर येऊन ठेपते.

प्रतिसाद

एक छोटी सूचना. 'राखणे' वापरताना जपा. राखण चांगली आहे, पण त्याच मुळापासून 'रखेल'ही निघतो, आणि विषय कुंटणखान्यांचा आहे. 'सांभाळ' निर्धोक.

विचारणा करणारी

सर्वांचे आभार. 'भल्या घरच्या' चटकन पटले. एक विचारते. आपल्याकडच्या अशा संस्थांची नावे डोळ्यांसमोर ठेवून मी शब्द शोधत होते आणि तिथेच गोंधळले. 'अनाथ बालिकाश्रम' हे नाव लहानपणापासून ऐकलेले. मग इथेही तसेच का नको?

प्रतिसाद

ताई, चांगला प्रश्न आहे, आणि जरा विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही.

महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढली ती विधवांसाठी. पुढे आश्रम हिंगण्याला गेला. तिथे 'अनाथ' म्हणजे आईबाप नसलेली असा आजचा अर्थ नव्हताच. नाथ नाही, पाठीराखा नाही, ती अनाथ. आजच्या वाचकाला हे माहीत नसते, म्हणून पो ल्यूंग कूकला हा शब्द लावला तर तो पहिल्या वाक्यातच चुकीचे समजेल. तिथल्या कितीतरी मुलींचे आईबाप जिवंत होते. त्यांनीच विकले, हेच तर दुःख.

पण आपल्याकडच्या नावांकडे एकदा सलग पाहा, प्रत्येक नाव कुठे बोट ठेवते ते कळते. जोतीराव-सावित्रीबाईंचे १८६३ सालचे 'बालहत्या प्रतिबंधक गृह' गुन्ह्याचे नाव घेते आणि समाजाकडे बोट दाखवते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' काढले, त्या नावात बाईच्या दुर्दशेचा उल्लेखच नाही. विद्या आहे आणि घर आहे. केडगावला 'मुक्ती' आणि 'कृपा सदन'. कृपा सदन तर ज्यांना जग 'पतित' म्हणे अशा बायकांसाठी होते, आणि तरी दारावर तो शब्द नाही. मला रमाबाईंची ही निवड फार मोठी वाटते. ज्या बाईला त्या दारातून रोज आत-बाहेर करायचे आहे, तिला तिचा डाग रोज वाचायला लावायचा नाही.

'अबलाश्रम', 'सुधारगृह' हे शब्द याच्या उलट वागतात. सुधारगृह म्हणताच बिघडलेली ती ठरते, तिला विकणारा सुटतो.

'सदन' वापरता येईल का? मला मोह होतो, पण नको. मूळ नावात जो थोडासा करडेपणा आहे, कचेरीपणा आहे, तो जाईल आणि आपण आपली माया त्यांच्यावर लादू. 'आश्रयगृह' साधा, सरळ आहे. नगरपालिकेचा 'निवारा' मात्र नको, तो थंडीपावसातल्या रात्रीपुरता वाटतो.

प्रतिसाद

'मुई त्साय' राहिले. माझ्या मते तिन्हींत हाच शब्द सर्वात महत्त्वाचा.

'मुई' म्हणजे धाकटी बहीण, 'त्साय' हा लहानपणा दाखवणारा शेपूट-शब्द. म्हणजे 'धाकुटी बहीण', 'छोटी'. उच्चारासाठी सांगतो, तो 'त्स' आपल्या 'चाक'मधला च आहे, 'चार'मधला नव्हे. मराठी माणसाला हा आवाज शिकावा लागत नाही.

शब्द असा मायेचा आणि व्यवहार असा : मुलीला आठ-दहा वर्षांची असताना, कधी त्याहूनही लहान असताना, पैसे घेऊन दुसऱ्या घरी द्यायचे. कागदावर विक्री न म्हणता 'भेट' म्हणायचे. तिने त्या घरी लग्न होईपर्यंत राबायचे. मालकाने तिला जेवूखाऊ घालायचे आणि वयात आली की लग्न लावून द्यायचे, असा रिवाज. मालक वाईट निघाला तर तो तिला पुढे विकू शके, आणि मग वाट कुठे जाई ते सांगायला नको.

आता 'मोलकरीण' का चुकते ते पाहा. 'मोल' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत, किंमत आणि मजुरी. मोलकरीण मजुरी घेते. मुई त्सायची किंमत ठरते, ती दुसऱ्याच्या हातात पडते, आणि मजुरी तिला कधीच मिळत नाही. एकाच शब्दाच्या दोन अर्थांपैकी नेमका नको तो तिच्या वाट्याला येतो.

आपल्या भाषेत यासाठी शब्द होते. 'बटीक' आणि 'कुणबीण'. पेशवाईतल्या कागदांत कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, विकत घेतलेली दासी. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे. १८४३च्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामीला कायद्याचा आधार देणे थांबवले आणि हे शब्द हळूहळू विस्मृतीत गेले. पण 'बटीक' लिहिले की गुलामगिरी आहे हे तुम्ही ठरवून टाकता, आणि नेमका याच मुद्द्यावर हाँगकाँगमध्ये पन्नास वर्षे वाद चालला. सरन्यायाधीश जॉन स्मेल यांनी १८७९ मध्ये न्यायासनावरून याला गुलामगिरी म्हटले. चिनी पुढाऱ्यांनी उत्तर दिले की ही गरिबांच्या मुलींना जगवण्याची जुनी रीत आहे. पळवणे वेगळे, हे वेगळे. चिनी भाषेचे जाणकार आयटेल यांनी सरकारला दिलेल्या टिपणातही याला पाश्चात्त्य गुलामगिरीच्या पंक्तीत बसवले नाही. म्हणजे पो ल्यूंग कूक उभी करणारेच लोक एकीकडे पळवलेल्या मुलीसाठी धावत होते आणि दुसरीकडे आपल्याच घरातल्या विकत घेतलेल्या मुलीबद्दल 'ही आमची रीत' म्हणत होते. मला वाटते तुमच्या लेखाचा गाभा इथे आहे. 'ल्यूंग' आणि 'मुई त्साय' हे दोन शब्द शेजारी ठेवले की तो आपोआप दिसतो.

पुढे १९२२ मध्ये वसाहतमंत्री असलेल्या चर्चिल यांनी ही पद्धत वर्षभरात बंद करू असे सांगितले. १९२३ चा कायदा झाला, पण नोंदणी सक्तीची व्हायला १९२९ उजाडले. सिंगापूर-मलायाकडे असा कायदा १९३२ मध्ये झाला.

माझे मत : शब्द 'मुई त्साय' असाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'विकत घेतलेली घरकामाची पोर' असे उलगडा. 'बटीक' स्मेल यांच्या तोंडी घाला, तिथे तो शोभेल.

प्रतिसाद

सिंगापूरचा उल्लेख निघाला म्हणून. तिथेही १८८८ मध्ये याच नावाची संस्था निघाली, पण तिथे ती 'चिनी संरक्षक' या सरकारी अधिकाऱ्याच्या खात्याला जोडलेली होती. पहिले संरक्षक पिकरिंग, १८७७ पासून. त्यांना चिनी बोली येत. त्यामुळे तुमच्या लेखात सिंगापूरचे काही असेल तर तिथे 'कचेरी' हा शब्द अगदी चपखल बसेल, आणि हाँगकाँगसाठी 'मंडळ'. नाव एक, घडण वेगळी.

आणखी एक. मुलगी तिथून बाहेर पडायच्या वाटा मुख्यतः तीन होत्या : नातेवाईक सापडले तर घरी, नाहीतर लग्न, नाहीतर दत्तक. लग्नासाठी पुरुष अर्ज करत, मंडळी त्याची चौकशी करत, मुलीला विचारत. दत्तक घेणाऱ्याला लिहून द्यावे लागे की तिला पुढे विकणार नाही. 'सुटका' हा शब्द वापरताना हे लक्षात असू द्या. कुंटणखान्यातून सुटका झाली हे खरे. पण तिथून आपल्या मनाने, एकटीने चालत बाहेर पडायची मुभा नव्हती.

विचारणा करणारी

याच वाक्यावर मी अडले होते आणि मला ते कळत नव्हते! इंग्रजी मजकुरात तिथल्या मुलींसाठी जो शब्द आहे तो तुरुंगातल्यांनाही लागतो आणि वसतिगृहातल्यांनाही. मी 'रहिवासी' लिहिले होते.

काल रात्री पुन्हा बसले. आता पहिला परिच्छेद असा झाला आहे :

'पो ल्यूंग कूक, म्हणजे भल्या घरच्यांचा सांभाळ करणारी कचेरी, हे डोंगगुआनच्या व्यापाऱ्यांनी १८७८ मध्ये हाँगकाँगला उभे केलेले मंडळ. बायका-मुलींना पळवून आणणाऱ्यांचा माग काढणे हे त्याचे पहिले काम. सोडवलेल्यांसाठी त्याने पुढे आश्रयगृह चालवले.'

'रहिवासी'साठी अजून शब्द हवा आहे.

प्रतिसाद

'रहिवासी' नको, त्यात आपल्या मर्जीने राहणे आले. 'कैदी' अन्याय करेल. सरकारी कागदांत अशा संस्थांतल्या मुलांना 'प्रवेशित' म्हणतात, पण तो शब्द कोरडा आहे, माणूस दिसत नाही. 'आश्रित' जुना आहे आणि त्यात मिंधेपणा आहे. खरे तर तोही तिथे होता.

मी असे करेन : जिथे नियमांबद्दल लिहायचे तिथे 'आश्रित मुली', आणि जिथे एखादी काही बोलते, मागते, नाकारते, तिथे नुसते 'मुलगी' किंवा 'बाई'. बाकी कोणाला याहून नेमका शब्द सुचला तर जरूर लिहा.