हार्टचा डॉक्टर निवडताना एच-इंडेक्स बघायचा?

राजारामपुरी: हृदयविकारावर संशोधन करणारे सलीम युसूफ यांच्या पेपरांची सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले त्यांचे दाखले, लाखांत मोजतात. आपल्या कोल्हापुरातल्या हृदयरोगतज्ज्ञांना गूगल स्कॉलरवर शोधलं, कुणाचे दोन पेपर, कुणाचा भोपळा. लोक उगाच पुण्या-मुंबईला पळत नाहीत. डॉक्टर निवडताना एच-इंडेक्स बघा: दहा पेपरांना प्रत्येकी दहा तरी सायटेशन असतील तर तो दहा.

शाहूपुरीतला फिजिशियन: हे वाचून गप्प बसवलं नाही. युसूफ केरळचे, बंगळुरूच्या सेंट जॉन्समधून डॉक्टर झाले, नाव काढलं कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात. त्यांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. ५२ देश, अटॅक आलेले १५,१५२ रुग्ण. तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, ताण अशा नऊ गोष्टींत ९० टक्के धोका सापडला. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, तेही त्यातूनच पुढं आलं. मी रोज ते वापरतो. पण राधानगरीहून छातीत कळ घेऊन आलेल्याची शीर किती मिनिटांत उघडली, हे कुठल्या सायटेशनमध्ये दिसतं? एच-इंडेक्स २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढला, संशोधक मोजायला. कॅथलॅबमधला, म्हणजे शीर उघडणारा, हात मोजायला नव्हे.

राजारामपुरी: मग न लिहिणं हा गुण झाला? गडहिंग्लजच्या पस्तिशीतल्या पोराला अटॅक का येतो, हे लिहायला कॅनडाहून माणूस यायचा का? तुमच्या केसपेपरांचं काय होतं? रद्दी!

माजी रेसिडेंट: पेपरचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझा थीसिस. रात्रीच्या ड्युटीत ईसीजी मी काढले, फॉर्म मी भरले, आकडेमोड मी केली. छापून आला तेव्हा पहिलं नाव सरांचं, दुसरं त्यांच्या मित्राचं, माझं चौथं. तिसऱ्या गृहस्थांना मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. त्या पेपरावर सरांची बढती झाली.

गंगावेस: काय सांगालाय राव! आमच्या बहिणीचं पण हेच झालंय. वर जर्नलची फी पण तिनंच भरली.

मेडिकल कॉलेजातला प्राध्यापक: सगळ्यांना एका मापात तोलू नका. बढतीला पेपर लागतात, हा नियम आम्ही केलेला नाही. सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, रात्री इमर्जन्सी. लिहायचं कधी?

माजी रेसिडेंट: लिहायला वेळ नसतो, नाव घालायला बरा मिळतो?

प्राध्यापक: जपून बोला. मी माझ्या विद्यार्थ्याचं नाव कधी मागं ढकललं नाही.

ग्रंथपाल: भांडण बाजूला ठेवा, मूळ प्रश्नाकडं या. रॉटरडॅमचे संशोधक डॉन पोल्डरमन्स. ऑपरेशनआधी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध, द्यावं, यावर त्यांचे ढीगभर पेपर, सायटेशन भरपूर, २००९ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांच्या समितीचे अध्यक्षही तेच. २०११ मध्ये संशोधनातल्या गैरप्रकारावरून विद्यापीठानं काढून टाकलं. उलट फोर्समन या जर्मन डॉक्टरनं १९२९ मध्ये स्वतःच्या हृदयापर्यंत नळी घातली, कुणी विचारलं नाही, तो मूत्रविकाराकडं वळला. नोबेल १९५६ मध्ये. त्याच्या तिशीत सायटेशन मोजली असती तर हाती काय लागलं असतं?

राजारामपुरी: पोल्डरमन्सचं अर्धंच सांगितलंत. बीटा ब्लॉकरचा पॉइझ ट्रायल २००८ चा, ८,३५१ रुग्णांचा, मॅकमास्टरचाच. युसूफ त्यात होते. अटॅक कमी झाले, पण मृत्यू आणि पक्षाघात वाढले, हे त्यांनीच दाखवलं. चुकीचं संशोधन पकडायलाही मोठं संशोधनच लागतं.

फिजिशियन: हे मान्य करावं लागेल. तरी डॉक्टर निवडायला एच-इंडेक्स, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

राजारामपुरी: बरं, ते सोडतो. पण केसपेपर रद्दीत जातात, यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

फिजिशियन: पन्नाशीच्या आतल्या अटॅकची नोंदवही चार-पाच जणांनी मिळून ठेवता येईल. माझे केसपेपर मी देतो. प्राध्यापक, तुम्ही येणार?

प्राध्यापक: येईन. भरायला पोरं लागतील.

माजी रेसिडेंट: पहिलं नाव कुणाचं, ते आजच ठरवा. मग पोरं मी आणतो.