न्यूट्रॉनचे आयुर्मान: दोन पद्धतींमध्ये दहा सेकंदांचा फरक का?

प्रश्न

मुक्त न्यूट्रॉनचा क्षय होऊन प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो तयार होतात. त्याचे सरासरी आयुर्मान बाटली पद्धतीने (कोंडलेल्या न्यूट्रॉनांपैकी उरलेले मोजून) सुमारे ८७८ सेकंद येते, तर झोत पद्धतीने (न्यूट्रॉनांच्या झोतातील क्षय मोजून) सुमारे ८८८. सांगितलेल्या अनिश्चितता या फरकापेक्षा बऱ्याच लहान आहेत. मग एक मोजमाप चुकले आहे असे समजावे, की काही न्यूट्रॉन अदृश्य कणांत रूपांतरित होत असावेत?

प्रतिसाद १

फरकाच्या दिशेवरून निवाडा करता येत नाही, हीच या कोड्यातील खरी अडचण आहे. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या यूसीएन-टाऊ या बाटली प्रयोगात अतिशय मंद न्यूट्रॉन चुंबकीय वाडग्यात कोंडून ठरावीक वेळानंतर किती उरले ते मोजतात; २०२१ मध्ये तेथे ८७७.७५ सेकंद हे मूल्य मिळाले. येथे नकळत काही न्यूट्रॉन निसटले, तर आयुर्मान खऱ्यापेक्षा कमी भरेल. अमेरिकेतीलच एनआयएसटी या मापन-मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या झोत प्रयोगात (२०१३, ८८७.७ सेकंद) मात्र क्षयातून निघालेले प्रोटॉन मोजले जातात, त्यामुळे काही प्रोटॉन हुकले तर आयुर्मान जास्त भरेल. शिवाय सुमारे एक टक्का न्यूट्रॉन कृष्णद्रव्याच्या (न दिसणाऱ्या, अज्ञात द्रव्याच्या) कणांत जात असतील, तरीही नेमका हाच फरक दिसेल, कारण अशा क्षयातून मोजण्याजोगा प्रोटॉन निघत नाही. २०१८ मध्ये फोर्नल आणि ग्रिन्स्टीन या भौतिकशास्त्रज्ञांनी तसे सुचवले होते.

प्रतिसाद २

म्हणूनच तिसरी, स्वतंत्र राशी विचारात घ्यायला हवी. ध्रुवीकृत (फिरकी एकाच दिशेला असलेल्या) न्यूट्रॉनांच्या क्षयात इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेला अधिक बाहेर पडतात यावरून लॅम्डा, म्हणजे दोन युग्मन स्थिरांकांचे (क्षय घडवणाऱ्या बलाची ताकद सांगणाऱ्या अंकांचे) गुणोत्तर, कळते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील पर्केओ-३ प्रयोगाचे मूल्य (परिमाण, म्हणजे चिन्ह सोडून, १.२७६४) आणि अणुकेंद्रांच्या क्षयांवरून मिळालेला व्हीयूडी हा घटक (क्वार्कांच्या रूपांतराची ताकद सांगणारा) प्रमाण प्रतिकृतीच्या, म्हणजे कणभौतिकीच्या मान्य सिद्धांताच्या, सूत्रात घातला, की सुमारे ८७९ सेकंद येतात. हे सूत्र केवळ नेहमीच्या बीटा क्षयाचे (प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो देणाऱ्या क्षयाचे) आयुर्मान देते. अदृश्य क्षय खरोखर असता, तर उत्तर ८८८ च्या जवळ यायला हवे होते. त्यामुळे मला झोत प्रयोगातच काही सुटले असावे, असे वाटते.

प्रतिसाद ३

हा युक्तिवाद मला पटतो, पण तो एका मापनावर फार विसंबून आहे. ग्रेनोबललाच झालेल्या एस्पेक्ट प्रयोगाने प्रोटॉनांच्या ऊर्जेवरून लॅम्डाचे परिमाण सुमारे १.२६७ काढले, आणि तेच सूत्रात घातले तर आयुर्मान ८९० च्या आसपास जाते. माझा कल तरीही बाटलीकडेच आहे, कारण जपानमधील जे-पार्क या संशोधन केंद्रात झोतातील प्रोटॉनांऐवजी इलेक्ट्रॉन मोजून अलीकडे सुमारे ८७७ सेकंद मिळाले. त्याची अनिश्चितता अजून चार सेकंदांच्या घरात आहे. ती एका सेकंदापर्यंत उतरली, तर प्रोटॉन मोजण्यातील त्रुटी आणि नवा क्षय यांत भेद करता येईल.