आईला "धसका बसलाय", अमेरिकेतल्या थेरपिस्टला हे समजवायचं कसं?

एडिसनची_लेक
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणारे, आधीच सांगते.

आई माझ्याकडे न्यू जर्सीत असते, वय ६८, मूळ सांगलीची. नोव्हेंबरमध्ये हायवेवर आमच्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं, गाडी गर्रकन फिरली आणि कठड्याला जाऊन थांबली. कुणाला खरचटलं पण नाही, देवाची कृपा. पण तेव्हापासून आई गाडीत बसत नाही, रात्री दोन-अडीचला उठून बसते, छातीत धडधड, हातपाय गार, तळव्यांना घाम. दोनदा इमर्जन्सीत नेऊन आणलं, ईसीजी, इको, रक्त सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) आणि अँक्झायटी आहे, थेरपी घ्या.

थेरपिस्ट मिळाली ती पोरगी चांगली आहे, खरंच. पण मराठी दुभाषी मिळाला नाही म्हणून फोनवर हिंदी दुभाषी, आणि आईचं हिंदी म्हणजे "मेरेको धसका बैठ्या है". त्याने धसक्याचं शॉक केलं, मग ती म्हणते शॉक एव्हाना ओसरायला हवा होता. भीती एक ते दहामध्ये किती असं दर वेळी विचारते आणि आई दर वेळी पाच सांगते, कारण जास्त सांगितलं तर बिचारीला वाटेल आपला काही उपयोग होत नाही, आणि कमी सांगितलं तर ती यायचं बंद करेल. वर म्हणे स्वतःसाठी वेळ काढा. आई म्हणते अगं तुम्ही दोघं ऑफिसला, पोरं शाळेत, मी दिवसभर एकटीच असते की, अजून किती काढू? आणि भारतीय आहेत म्हणून योगाचं अ‍ॅप दिलं, त्यात एक गोरी बाई नमस्ते म्हणून डोळे मिटायला सांगते. डोळे मिटले की आईला ट्रकच दिसतो.

तर, भारतीय थेरपिस्ट शोधू का? की हे प्रकरण आपल्या लोकांना लागूच पडत नाही?

चहा_बिस्कीट
भारतीय शोधा पण भारतीय आहे म्हणून हुरळून जाऊ नका. माझ्या मैत्रिणीने हॉस्टेलमध्ये जातीवरून जे काय सोसलं ते पुण्यात एका मॅडमना सांगितलं, अस्सल मराठी मॅडम, तर त्या म्हणाल्या आता कुठे राहिलंय गं तसं, तू जास्त मनाला लावून घेतेस. ती परत गेलीच नाही. भाषा तीच, गाव तेच, आणि तरी त्या दोघी दोन वेगळ्या देशांतल्या. त्यापेक्षा न कळलेलं परत विचारणारी परकी बाई बरी.

बाकी योगा अ‍ॅपवर काय बोलणार 😂

लोवेलवाली
ताई, मी मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलला असते, दवाखान्यात काम करते (डॉक्टर नाही हां, फ्रंट डेस्क आणि पेशंटमागची पळापळ). लोवेलमध्ये कंबोडियन लोक खूप, अमेरिकेत लाँग बीचनंतर सगळ्यात जास्त इथेच. १९७५ ते १९७९ कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राज्यात उपासमार, वेठबिगारी, घरची माणसं डोळ्यांदेखत गेलेली, असं सगळं भोगून आलेली पिढी.

त्यांच्यात एक शब्द आहे, ख्याल. आपला विलंबित-द्रुत ख्याल नव्हे, त्यांच्या ख्मेर भाषेत ख्याल म्हणजे वारा. अंगात रक्ताबरोबर वारा फिरतो, तो हातापायात अडला की हातपाय निकामी होतात आणि उसळून वर चढला तर छाती दाबतो, मानेतल्या शिरा फोडतो, डोक्यात शिरतो आणि माणूस कोसळतो असं ते मानतात. "अंगावरून वारं गेलं" म्हणणाऱ्या आपण तरी याला हसू नये. तर होतं काय, आजीबाई खुर्चीतून पटकन उठतात, कुणालाही येईल तशी जराशी चक्कर येते, त्यांना वाटतं चढला वारा, त्या घाबरतात, घाबरल्यावर धडधड वाढते, मान आवळते, म्हणजे वारा खरंच चढतोय याची खात्रीच पटते, आणि त्या गोंधळात जुन्या आठवणी सगळ्या वर येतात. मानेची तक्रार तर ठरलेली, कारण तेव्हा खांद्यावर ओझी वाहून वाहून माना गेलेल्या. घरचा उपाय म्हणजे नाण्याने पाठ घासायची, लाल पट्टे उठतात, ते बघून इथले डॉक्टर मारहाण झाली की काय समजायचे.

तर डेव्हन हिंटन म्हणून एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, मानववंशशास्त्राचा पण अभ्यास आहे आणि ख्मेर बोलतात. त्यांनी थेरपी वेगळी काढली नाही, नेहमीची सीबीटीच (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी), पण आधी पेशंटला विचारलं की चक्कर आली की पुढे काय होईल असं वाटतं? आणि त्या उत्तरावर काम केलं. मान सैल करायचा व्यायाम शिकवला, त्यात देठावरचं कमळ वाऱ्यावर डोलतंय असं मनात आणायचं. मग मुद्दाम मान फिरवून थोडी चक्कर आणायची आणि ती लहानपणीच्या खेळातल्या चक्करशी जोडायची. भयानक आठवणी खणून काढायची घाई नाही, आधी शरीर शांत करायला शिकवायचं. औषधं आणि नेहमीचं समुपदेशन घेऊनही बरे न झालेले ४० पेशंट, प्रत्येकी १२ सेशन, निम्म्यांना आधी आणि निम्म्यांना नंतर, आणि दोन्ही गटांना चांगला फरक पडला, हे २००५ मध्ये छापून आलंय. २०१३ मध्ये डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकेतलं पुस्तक) आलं त्यात ख्यालची नोंद आहे आणि संस्कृतीबद्दल विचारायची १६ प्रश्नांची एक मुलाखत पण आहे, तुम्ही हे घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगता, तुमच्या मते हे कशामुळे झालं, असले प्रश्न. तुमच्या थेरपिस्टला नाव सांगा, कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू. कुठलीही थेरपिस्ट घेऊ शकते, जात-देश लागत नाही.

आता माझा प्रश्न. धसका बसलाय म्हणजे आईंच्या मते आत नक्की काय झालंय? आणि पुढे काय होणार असं त्यांना वाटतं? तुम्ही सगळं लिहिलंत, हे लिहिलं नाहीत.

एडिसनची_लेक
मी विचारलंच नाहीये. धसका म्हणजे धसका, त्यात काय विचारायचं असं वाटलं. लाज वाटतेय आता.

औशाकडचा
लाज कशाची ताई. आमच्यात पण कुणी विचारलं नव्हतं.

आमचं गाव किल्लारीपासून जवळच. ३० सप्टेंबर १९९३, रात्री गणपती विसर्जन करून लोकं झोपलेली आणि पहाटं चारच्या सुमाराला भूकंप, जवळपास दहा हजार माणसं गेली. माती-दगडाची जाड घरं, झोपेतच दबली लोकं. आमची आजी वाचली पण त्यानंतर भिंतीच्या आत झोपलीच नाही, सरकारनं पक्कं घर दिलं तर त्यात ज्वारी ठेवली आणि स्वतः पत्र्याखाली. रात्री मांजरानं भांडं पाडलं तरी उठून बाहेर पळायची. शहरातनं माणसं यायची फॉर्म भरायला, झोप लागते का? आजी म्हणायची, कुणाला लागती इथं? झालं, पुढचा फॉर्म. ज्याच्या घरातली पाच-सात माणसं गेली त्याच्यापुढं मला झोप येत नाही हे सांगायचंच कसं, असं ती मला लई वर्षांनी बोलली.

तिचं बरं झालं ते रोज रात्री बायकांबरोबर भजनात बसून, पण पुरतं बरं झालं असं म्हणणार नाही. कुणीतरी नीट विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मांडवीकाठी
थोडं गोव्यातलं सांगतो. इथे संगाथ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत स्थानिक माणसंच ट्रेन करून समुपदेशक म्हणून बसवली, डिग्रीवाले सायकॉलॉजिस्ट नाहीत, आणि डिप्रेशन हा शब्द बाजूला ठेवून लोक म्हणतात तसं टेन्शनच म्हटलं. सहा ते आठ भेटी. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त लोक बरे झाले. झिंबाब्वेत तर दवाखान्याच्या आवारात बाकावर आज्या बसतात लोकांचं ऐकून घ्यायला, आणि या त्रासाला तिथल्या शोना भाषेतला शब्द आहे कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. आपल्या "विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली"चा सख्खा भाऊ.

दोन कामाच्या गोष्टी. मराठी दुभाषी आधीपासून बुक करायला सांगा, ऐन वेळी मागितला तर हिंदीच पदरात पडतो. आणि दुभाषी म्हणून तुम्ही स्वतः बसू नका, आई तुमच्यादेखत खरं बोलणार नाही, पाचच सांगणार. झोपेची गोळी चालू असेल तर फोरमवर वाचून बंद करू नका एवढं मात्र.

चहा_बिस्कीट
फक्त एक, आता सगळे मिळून त्या पोरीला "मराठी लोकांत धसका असा असतो" असं पाठ करून देऊ नका. ती पुढच्या मराठी पेशंटला गणपती आणि धसका विचारत बसेल, योगा अ‍ॅपचाच दुसरा भाग. या काकूंचा धसका काय ते फक्त काकूंनाच माहीत.

एडिसनची_लेक
काल रात्री आई अडीचला उठली तेव्हा चहा टाकला आणि विचारलं. आधी काही नाही म्हणाली. मग मी औशाकडच्या दादांची पोस्ट वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसली आणि मग जे सांगितलं ते मी एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

१९६७ चा कोयनेचा भूकंप, ती दहा वर्षांची. सांगलीत घर हललं, आजोबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, कुणाला काही लागलं नाही. पण नंतर आजोबा रात्री उठून बसायचे, छातीवर हात ठेवून. आणि काही महिन्यांत गेले. हार्टने गेले असतील, पण घरात सगळे म्हणायचे धसक्यानं गेले, धसका आत बसला की काळीज कुरतडतो आणि एक दिवस बंद पाडतो. म्हणजे आईला ट्रकची भीती आहेच, पण धडधड झाली की ती आपले दिवस मोजते. इको नॉर्मल आल्याचा तिला काडीचा दिलासा नाही, कारण तिच्या मते धसका मशीनमध्ये दिसतच नाही.

गुरुवारी सेशन आहे. मराठी दुभाषी मिळतोय, मी बाहेर बसणार. थेरपिस्टला ईमेल केलाय की धसका शब्दाचं भाषांतर करू नका, तसाच ठेवा आणि आईला त्याबद्दल विचारा. तिचं उत्तर आलं, स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून विचारलंय.

दादा, आईने तुम्हाला एक विचारायला सांगितलंय, तुमच्या आजी नंतर किती वर्षं जगल्या?

औशाकडचा
बावीस वर्षं. ९१ पूर्ण करून गेली, न्यूमोनियानं. शेवटपर्यंत तंबाखू सोडली नाही म्हणावं काकूंना.