मदत हवी: वर्षाचा गहू बऱ्हाणपूरहून आणणं परवडतं का?

आम्ही रावेर तालुक्यातले, मध्य प्रदेशची हद्द अगदी उशाला. निम्म्या गल्लीचा लग्नाचा बस्ता बऱ्हाणपूरला होतो, मावा जिलेबी तर तिथलीच. आता घरात नवीन टूम निघालीय: वर्षाचा गहूही तिकडूनच भरायचा. शेजारच्या काकू म्हणतात, क्विंटलमागे बरेच पैसे सुटतात. किती, असं विचारलं की "जाऊन तर बघ!"

एकत्र कुटुंब आहे, पाच-सहा क्विंटल सहज लागतो. दादर ज्वारी आणि उडीद घरचेच, त्यामुळे कळण्याच्या भाकरीची चिंता नाही. तूरडाळ जळगावची. एवढ्या दालमिला जवळ असताना डाळ परराज्यातून आणली तर लोक हसतील. प्रश्न फक्त गव्हाचा. सासूबाईंना शरबती हवा, सासरे लोकवनवर अडून बसलेत.

मंडीत आपल्याला थेट घेता येतो का? छोटा हत्ती भरून आणताना हद्दीवर कुणी अडवतं का? पावती कशी मागायची? रेल्वेने आणा असं कृपया सुचवू नका. दुसऱ्या वर्गात ३५ किलोच मोफत नेता येतं, आणि रावेरला गाडी किती वेळ थांबते ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रतिसाद, सावद्याहून:
ताई, मंडीत बोली परवानाधारक व्यापारीच लावतो. तुम्ही दुकानातून घ्या, नाहीतर ओळखीचा शेतकरी गाठा. कराचं म्हणाल तर जुलै २०१७ पासून जीएसटी दोन्हीकडे एकच. सुट्या धान्याला तो नाहीच. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, छापील पिशवीला ५ टक्के लागतो, म्हणून मोठी गोणीच घ्या. घरी खायला नेलेल्या गव्हावर हद्दीवर काही भरावं लागत नाही. पावतीवर वजन, दर आणि गाडीचा नंबर लिहून घ्या, गाडीचे कागद पुरे ठेवा. नवापूरकडची मंडळी गुजरातेत टाकी भरायला जातात ती गोष्ट वेगळी. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, तिथे राज्याराज्यात फरक पडतो.

प्रतिसाद, फैजपूरहून:
माझं मत जरा उलटं आहे. २०२५ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव २४२५ रुपये होता. त्यावर मध्य प्रदेश सरकारने १७५ बोनस दिला, म्हणजे क्विंटलला २६००. सरकार एवढं देत असताना तिथला शेतकरी चांगला माल त्याखाली कशाला सोडेल? काकूंचा गहू चाळलेला होता का, ते आधी विचारा. खडे, काडी, किडका दाणा निघाला की सुटलेले पैसे तिथेच गेले, वर गाडीभाडं. शरबतीच्या नावावर काय काय खपतं ते बघितलंय. दोन-तीन किलो नमुना आणा, दळा, आणि पोळी दुसऱ्या दिवशी सकाळी मोडून बघा. मऊ राहिली तरच गाडी सांगा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. काकूंना चाळणीचं विचारलं, तर म्हणाल्या, "ते तर दरवर्षी करावंच लागतं." आता आधी नमुनाच आणते, शरबती आणि लोकवन दोन्ही. घरातलं भांडणही त्यातच मिटेल.