मदत हवी आहे: जावात १२७ पोत्यांपर्यंतच हिशेब जुळतोय

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. मामांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. सौद्याच्या दिवशी वहीतली पोती आणि गोदामातली पोती ताडून बघण्यात त्यांची संध्याकाळ जाते, म्हणून जावात छोटा प्रोग्रॅम लिहितोय. (गेल्या वर्षी एक्सेलमध्ये करून दिलं होतं. ते त्यांनी एकदाही उघडलं नाही.)

हॅशमॅप (की दिली की तिची व्हॅल्यू काढून देणारा तक्ता) दोन, एक वहीचा, एक गोदामाचा. की म्हणजे लॉट नंबर, स्ट्रिंग. व्हॅल्यू म्हणजे पोती, इंटीजर. पहिल्याच्या एन्ट्रीसेटवर, म्हणजे सगळ्या की-व्हॅल्यू जोड्यांवर, लूप फिरवतो, त्याच लॉटची व्हॅल्यू दुसऱ्यातून गेट करतो आणि दोन्हींना == लावतो. जुळलं नाही तर 'फरक' छापतो.

४० पोती, ९५, अगदी १२७ सुद्धा बिनबोभाट जुळतात. १२८ पासून पुढे मात्र 'वही १४०, गोदाम १४०, फरक'! मामा म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरला आकडं वळखाय येत न्हाईत व्हय रं?"

फाईलमध्ये कुठे जादा स्पेस नाही, ते तपासलं. दोन्ही व्हॅल्यू आधी इंटमध्ये (नुसता आकडा, ऑब्जेक्ट नव्हे) घेतल्या तर जुळतात. म्हणजे भानगड ऑब्जेक्टची दिसते. पण मग लॉट नंबरही दोन वेगळ्या फाईलींतून वाचलेत, त्या स्ट्रिंगही वेगळ्याच असणार. त्या गेटला कशा सापडतात?

प्रतिसाद १
मॅपमध्ये नुसता इंट बसत नाही, इंटीजर ऑब्जेक्ट बसतो. जावा ५ पासून ही भरणी ऑटोबॉक्सिंग परस्पर करतं. त्यात -१२८ ते १२७ साठी ठरलेले ऑब्जेक्टच पुन्हा पुन्हा हाती येतात, म्हणून तुमचं == इतके दिवस नशिबाने चाललं. त्यापुढे साधारणपणे दर वेळी नवा ऑब्जेक्ट. == विचारतो, 'हीच ती वस्तू का?' आकडा सारखा आहे का, हे इक्वल्स सांगतं.

की सापडते, कारण हॅशमॅप हॅशकोडवरून (कीच्या मजकुरावरून निघणारा आकडा) खण काढतो आणि खणातल्या की इक्वल्सने ताडतो. == वर चालणारा आयडेंटिटीहॅशमॅप वापरला असता तर एकही लॉट सापडला नसता.

इंटमध्ये काढून घेण्याचा उपाय मात्र टाळा. एखादा लॉट गोदामाच्या मॅपमध्ये नसेल तर गेट नल (म्हणजे 'काहीच नाही') देईल आणि तिथेच नलपॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे एरर येऊन प्रोग्रॅम बंद. ऑब्जेक्ट्स वर्गातलं इक्वल्स वापरा, त्याला नल चालतो.

धागाकर्ता
बदललं, चाललं! आता एकच 'फरक' उरलाय: वही १४०, गोदाम १३८. हा खरा आहे. मामा गोदामात गेलेत मोजायला.