नटीचं नाव नंतर, आधी तिची भूमिका सांगा

नाशिकमध्ये सिनेमातल्या नट्यांचा विषय काढायला वेगळं निमित्त लागत नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती करायला त्यांना बाई मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी लुगडं नेसलं. मग फाळके नाशिकला आले आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. त्या मायलेकींना तेव्हा काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कारण पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्येही राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते.

म्हणून विचारते. सगळ्यांत देखणी कोण, सगळ्यांत मोठी कोण, हा वाद आज नको. एकच भूमिका सांगा आणि ती तुमच्या घरात कशी शिरली तेही सांगा. सुरुवात मीच करते.

पंचवटी

१९८७ साली आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. रविवारी 'रामायण' लागायच्या आधी आजी रामकुंडावर जाऊन आलेली असायची. पडद्यावर कौसल्या आली की ती हात जोडायची. आई दारातूनच म्हणायची, "अहो आई, ही आपली जयश्री गडकर. लोहाराची बायको!"

आईच्या डोळ्यांपुढे १९६५ चा 'साधी माणसं' असायचा. तिचे वडील सायखेड्याला लोहारकाम करायचे. भट्टीपाशी घाम गाळणारी नायिका तिनं पहिल्यांदाच पाहिली आणि तिला स्वतःची आईच आठवली. 'ऐरणीच्या देवा' आमच्याकडे भूपाळीच्या जागी वाजायचं. त्याला चाल लावणारे 'आनंदघन' म्हणजे लताबाईच, हे कळलं तेव्हा आई चार घरी जाऊन सांगून आली. आजीनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं नाही. तिच्यासाठी कौसल्या ती कौसल्याच.

गंगापूर रोड, निवृत्त शिक्षिका

स्मिता पाटील, 'उंबरठा', १९८२.

मी पंचवीस वर्षांची होते, मुलगा दीड वर्षाचा. कळवणकडच्या एका शाळेत नोकरी मिळत होती. सासूबाई म्हणत, मूल कोण बघणार? यजमान म्हणत, बघू. त्या 'बघू'ला दोन महिने झाले होते. अशात आम्ही दोघं सर्कलला हा सिनेमा पाहायला गेलो.

सुलभा महाजन लहान मुलीला घरी ठेवून परगावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. मला पकडून ठेवलं ते तिच्या बसण्यानं. टेबलामागे ती नोकरी करणाऱ्या बाईसारखी बसते. फायली वाचते, चिडते, कधी चुकतेही. जब्बार पटेलांनी तिची देवी केलेली नाही. ती घरी परतते तेव्हा घर तिच्यावाचून चालायला लागलेलं असतं, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा निघते.

मध्यंतरात यजमान एक शब्द बोलले नाहीत. बाहेर येऊन स्कूटर काढताना म्हणाले, "कळवणची एसटी सकाळी किती वाजता असते?"

मी तिथं चार वर्षं होते. दर शनिवारी घरी यायचे. पहिले सहा महिने मुलगा माझ्याजवळ यायचाच नाही, सासूबाईंच्या पदराआड उभा राहायचा. आता तो चाळिशी ओलांडलेला आहे, आमचं उत्तम चाललंय. तरी सुलभाची मुलगी आईपासून दूर सरते ते दृश्य आलं की मी अजूनही उठून आत जाते.

१३ डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली. एकतीस वर्षांची. बाळ जेमतेम पंधरा दिवसांचं. त्या रात्री आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही, सासूबाईसुद्धा.

नाशिक रोड

अलका कुबल, 'माहेरची साडी', १९९१. आईबरोबर चार वेळा पाहिला. तीन वेळा आई रडली, चौथ्या वेळी नुसती बसून राहिली. त्याच वर्षी माझी मावशी सासर सोडून आमच्याकडे आली होती. याहून जास्त लिहवत नाही.

सिडको

रंजना! तिला नुसती विनोदी नटी म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. शांतारामबापूंच्या 'चानी'पासून, म्हणजे १९७७ पासून सुरुवात करा. मग 'अरे संसार संसार'मधली शेतकऱ्याची बायको पाहा आणि लगेच दोनच वर्षांनंतरचा 'गुपचुप गुपचुप'. हीच ती बाई, यावर विश्वास बसत नाही. समोर अशोक सराफ असताना प्रेक्षकाची नजर आपल्यावर ठेवणं सोपं आहे का? ऐन भरात अपघात झाला आणि ती व्हीलचेअरवर आली. २००० साली गेली. तिच्या वाट्याच्या किती भूमिका तशाच राहिल्या.

पिंपळगाव बसवंत

सगळ्या जुन्या आठवणी चालल्यात, मी माझी सांगते. आर्ची.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. मी अकरावीची परीक्षा दिलेली, द्राक्षबागेत खरड छाटणी चालू. आमच्याकडे ट्रॅक्टर भावानं चालवायचा आणि मी मजुरांना चहा पोचवायचा, असंच होतं. रिंकू राजगुरू ट्रॅक्टर घेऊन येते तेव्हा थेटरात पोरी शिट्ट्या मारत होत्या, मला मात्र रडू आलं. ती ऐटीत बसलेली नाही हो, रोज चालवणाऱ्या माणसासारखी बसलीय. अकलूजची शाळकरी पोरगी, आणि राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख.

लोकांच्या लक्षात बुलेट राहते. मला उत्तरार्ध जास्त भिडतो. वाड्यात वाढलेली मुलगी हैदराबादला झोपडीत राहते, कारखान्यात कामाला जाते, चिडते, रडते आणि हळूहळू शिकते. तिचा चेहराच बदलत जातो.

घरी येऊन पप्पांना म्हटलं, मला ट्रॅक्टर शिकवा. पप्पा म्हणाले, "आधी रिव्हर्स शीक. बागेच्या टोकाला वळवता आला पाहिजे." आता फवारणीला ट्रॅक्टरमागचा ब्लोअर मीच घेऊन जाते.

गंगापूर रोडवरून पुन्हा

पिंपळगावच्या बाळा, तुझ्या पप्पांना माझा नमस्कार सांग.

पंचवटी

आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या दुर्गाबाईंचा सिनेमा लाव की. तो आज पाहायला उरलेलाच नाही. म्हणून १९१९ चा 'कालिया मर्दन' लावला, तो बराचसा शिल्लक आहे. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची लेक मंदाकिनी. चिमुरडी पोर पाण्यात नागाशी झुंजते. आई चष्मा पुसून पुसून बघत होती. संपल्यावर मला म्हणाली, "हिला खरंच पोहता येत होतं का गं?"