‘लर्निंग डिसेबिलिटी’ आणि ‘लो मूड’ : आईवडिलांना कळेल असा शब्द हवा आहे

लेस्टरकरीण
इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या लेस्टरच्या, एका संस्थेसाठी मी अधूनमधून भाषांतरं करते. सध्या हातात एक चारपानी पत्रक आहे. बौद्धिक क्षमता कमी असलेल्या प्रौढ मुलामुलींना डिप्रेशन आलं तर घरच्यांनी ते कसं ओळखायचं, डॉक्टर काय विचारतात, उपचार कोणते, असा विषय. वाचणार ते इथले मराठी आईवडील, बहुतेक साठी-सत्तरीतले.

दोन ठिकाणी अडलंय. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसेबिलिटी’ म्हणजे आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो ते. भारतात हाच शब्द डिस्लेक्सियासारख्या अडचणींसाठी वापरतात. जुन्या पत्रकात कुणीतरी सरळ ‘अध्ययन अक्षमता’ लिहिलंय. ते वाचून एक काकू म्हणाल्या, ‘‘हे आमच्यासाठी नाही गं, आमच्या मुलाचं नुसतं वाचनाचं थोडंच आहे?’’ आणि पत्रक बाजूला ठेवलं. दुसरा शब्द ‘लो मूड’. मी ‘नैराश्य’ असं सुचवून पाहिलं. त्यावर त्याच काकू म्हणाल्या, ‘‘तो कसला निराश होतोय, त्याला कुठे काय कळतंय!’’

सुचवा काहीतरी. दोन्ही शब्द मथळ्यात यायचे आहेत.

जुना_मास्तर
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मतिमंद. साठी-सत्तरीच्या माणसाला तोच कळतो. आपल्याकडे कितीतरी शाळांच्या पाट्यांवर ‘मतिमंद मुलांची शाळा’ असंच लिहिलेलं असतं आणि पालक तिथेच मूल घेऊन जातात. आता व्याकरणाचं म्हणाल तर संस्कृतात ‘मंदमती’ होईल, विशेषण आधी. मराठीने शब्द उलटा फिरवून घेतला आणि तो रुळला. दोन पिढ्यांनी वापरलेला शब्द मोडीत काढायचं कारण मला दिसत नाही.

रानफूल
कारण मी सांगते. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. शाळेत मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना ‘ए मतिमंद’ म्हणायची तेव्हा मी त्याच वर्गात बसलेली असायचे. शब्द रुळला तो असा रुळला, मास्तर. आईने आयुष्यभर ‘जरा भोळा आहे’ एवढंच सांगितलं. आजी ‘देवाचं लेकरू’ म्हणायची. त्या दोघींना शास्त्रातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी त्याच्या तोंडावर म्हणता येतील असेच शब्द निवडले.

पूर्णविराम
अपंगत्वाच्या कायद्यात आता ‘मतिमंद’ला जागा उरलेली नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात जुनी संज्ञा होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि तिथे बौद्धिक दिव्यांगता हाच शब्द येतो. त्याची व्याख्याही नीट आहे : एक, तर्क करणं, शिकणं, प्रश्न सोडवणं यांत मोठी मर्यादा, आणि दोन, रोजचं जगणं निभावण्यात मर्यादा. दोन्ही हव्यात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या नावातही आता बौद्धिक दिव्यांगजन आहे. तेव्हा ‘बौद्धिक दिव्यांगता’ लिहा.

लेस्टरकरीण
‘दिव्यांग’ हा शब्द २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मधून पुढे आला. हे पालक त्याच्या कितीतरी आधी इकडे आलेत. त्यांना तो दिवाळी अंकातल्या एखाद्या लेखाच्या नावासारखा वाटतो.

रानफूल
आणि अपंगांच्या अनेक संघटनांनीही तेव्हा विरोध केला होता. अपंगत्वात दिव्य काही नसतं. रॅम्प द्या, शिक्षक द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं.

जुना_मास्तर
मतिमंद नको, दिव्यांग नको, मग गतिमंद? तोही वापरात होताच.

कृष्णाकाठ
गतिमंद नको. विशेष शाळेत बरीच वर्षं शिकवते आहे म्हणून सांगते. पालक ‘गतिमंद’चा अर्थ ‘हळूहळू येईल’ असा धरतात, की गाडी उशिरा पोचेल पण पोचेल. त्या आशेवर चार-पाच वर्षं साध्या शाळेत काढतात. मी पालकांशी बोलताना शब्दच वापरत नाही. ‘‘समजायला वेळ लागतो, रोजच्या कामात मदत लागते’’ असं वाक्य वापरते. पत्रकात तसंच लिहिलं तर?

पण मला तुमचा दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘त्याला कुठे काय कळतंय’ हे मी दर वर्षी ऐकते. आमच्या कार्यशाळेत एक तरुण उदबत्त्यांची पाकिटं भरायचा, मोजून, एकही चूक नाही. आई गेल्यावर त्याने काम सोडलं, जेवण सोडलं, अंथरूण ओलं करायला लागला, हाताला चावायला लागला. घरचे म्हणाले, हट्टीपणा. दवाखान्यात सांगितलं गेलं, ‘‘असं असतंच यांच्यात.’’ त्याला विचारलं तर म्हणायचा, ‘‘पोट दुखतंय.’’ पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. आईचं काय झालं हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘देवाघरी गेली’ एवढंच. तो संध्याकाळी देवळाच्या पायरीवर जाऊन बसायचा.

निवांत
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. कृष्णाकाठताईंनी लिहिलंय त्याला आमच्या शास्त्रात ‘डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग’ असं नाव आहे. एका निदानाच्या सावलीत दुसरं निदान झाकलं जातं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन राइस यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते दाखवून दिलं. वागण्यातला प्रत्येक बदल ‘त्याच्या बुद्धीमुळे’ असं म्हणून सोडून दिला जातो.

म्हणूनच मला ‘नैराश्य’ या शब्दाची इथे अडचण वाटते. नैराश्य म्हणजे आशा नसणं. ते एक लक्षण आहे, आणि तेही बोलून दाखवावं लागणारं. ‘पुढे काही चांगलं होणार नाही’ हा विचार मांडायला भविष्याची कल्पना हवी, शब्द हवेत. ज्याच्याकडे ते कमी आहेत त्याचं डिप्रेशन चिडचिडीतून दिसतं, रडण्यातून दिसतं. झोप बिघडते, वजन उतरतं किंवा वाढतं, आवडीचं गाणं लावलं तरी तो उठून जातो, येत असलेली कामं येईनाशी होतात. मथळ्यात ‘नैराश्य’ वाचलं की आईवडील निराशा शोधतात. ती सापडत नाही आणि ते सुटकेचा श्वास टाकतात.

शुद्धमती
मग ‘विषाद’ घ्या. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. गात्रं गळून जाणं, तोंड कोरडं पडणं, हातून धनुष्य गळणं, ही शारीरिक लक्षणंच आहेत. हिंदीवाले ‘अवसाद’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच ‘सद्’ धातूचे, बसणं, खाली जाणं या अर्थाचे. आपल्याकडे घरात तयार शब्द असताना इंग्रजीचा ‘डिप्रेशन’ का वापरायचा? सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही लोक हसले होते.

वऱ्हाडपांढरी
महापौर चालला कारण महापौर एकच असतो आणि त्याची गाडी दारावरून जाते. विषाद आमच्या अकोल्याच्या बाजारात कुणाला सांगू? अर्जुनाचा विषाद अठरा अध्याय ऐकून गेला. आजारी माणसाला ‘ऊठ, लढ’ म्हटल्याने तो उठत नाही. हा शब्द वापरला तर उपदेशाने बरं होतं असंच लोकांना वाटेल, आणि घरोघरी आधीच तेवढंच चाललेलं असतं.

शुद्धमती
उपदेशाचा मुद्दा मान्य. पण म्हणून ‘उदास’ घेऊ नका. तुकोबांच्या ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी’ मध्ये उदास म्हणजे अलिप्त. गीतेतही बाराव्या अध्यायात ‘उदासीनो गतव्यथः’ हा भक्ताचा गुण आहे. साधनेने मिळवायची अवस्था तुम्ही आजाराला देऊन टाकली.

जुना_मास्तर
ती कुणी दिली नाही, लोकांनीच नेली. आज ‘उदास वाटतंय’ म्हटल्यावर समोरचा अलिप्तता समजत नाही. चारशे वर्षांत शब्द चालत कुठल्या कुठे जातो. ‘मतिमंद’बद्दलही मला हेच म्हणायचं होतं, पण रानफूलताईंचं लिहिणं वाचल्यावर तो आग्रह मी पुढे रेटत नाही.

पूर्णविराम
एक वेगळा मुद्दा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळलंय. म्हणजे या मुलांना मानसिक आजाराचे उपचार त्या कायद्याखाली मिळतच नाहीत का? मग पत्रकात ‘मानसिक आजार’ हा शब्दच चुकीचा ठरेल.

निवांत
नाही, हा गैरसमज फार महाग पडतो. कायदा एवढंच म्हणतो की बुद्धीची वाढ अपुरी असणं हा स्वतः मानसिक आजार नाही. ते बरोबरच आहे. मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षम यांची आपण शतकभर गल्लत केली. पण अशा व्यक्तीला डिप्रेशन आलं, तर ते डिप्रेशन मानसिक आजारच आहे आणि कायद्याने दिलेला उपचाराचा हक्क तिलाही आहे. ‘हे आमच्याकडे नाही, विशेष शाळेत न्या’ असं कुणी म्हटलं तर ऐकून परत फिरू नका. भारतात फोनवर विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

रानफूल
भावाच्या वेळी आधी थायरॉइड निघालं होतं. डाउन सिंड्रोममध्ये ते बरंच आढळतं, असं नंतर कळलं. सुस्ती, वजन, गप्प राहणं, सगळं डिप्रेशनसारखंच. गोळ्या सुरू झाल्यावर थोडा खुलला, पण पूर्ण नाही. उरलेलं खरंच डिप्रेशन होतं. आता विचारते, ते तपासतात कसं? त्याला तर नीट सांगता येत नाही.

निवांत
आधी शरीर. थायरॉइड, दुखरा दात, बद्धकोष्ठ, कानातला मळ, चालू असलेली औषधं. डाउन सिंड्रोममध्ये चाळिशीपासून स्मृतिभ्रंशाचाही विचार करावा लागतो. मग घरात काय बदललं : कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कार्यशाळा बंद पडली का, कुणी त्रास देतंय का. हा शेवटचा प्रश्न एकांतात विचारायचा.

मग त्याच्याशी बोलायचं. ग्लासगोमध्ये २००३ साली यासाठीच एक मापनी झाली, २० प्रश्नांची. उत्तरं तीनच : नाही, कधीकधी, नेहमी. सोबत चित्रं. सांभाळणाऱ्यासाठी वेगळे १६ प्रश्न. प्रश्न फक्त गेल्या आठवड्याबद्दल, कारण ‘हल्ली’, ‘गेले काही महिने’ हे शब्द त्यांना निसटतात.

उपचारात औषधं असतात, कमी मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवायची. पण नुसत्या वागण्याला आवर घालायला गुंगीची औषधं देऊ नयेत. तिकडे इंग्लंडमध्ये २०१६ पासून त्याविरुद्ध मोहीमच आहे. बोलून करायचे उपचारही चालतात. २०१७ साली ब्रिटनमधल्या अशा १६१ प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला आवडीची कामं पुन्हा सुरू करून देण्याचा उपचार, दुसऱ्याला चित्रांच्या पुस्तिकांवरून मदत, दोन्हीकडे जवळचं माणूस सोबत. दोन्ही गट सुधारले, दोहोंत ठळक फरक दिसला नाही. ‘यांना समुपदेशनाचा काय उपयोग’ म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो.

कृष्णाकाठ
‘येत होतं ते येईनासं झालं’ हे डॉक्टरांना दाखवायला जुनी कागदपत्रं उपयोगी पडतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळी बहुतेकांची कामत यांची बिने चाचणी (बुद्ध्यंकाची) आणि सामाजिक परिपक्वतेची मापनी झालेली असते. ती दुसरी डॉ. मालिन यांनी नागपुरात आपल्याकडच्या मुलांसाठी बसवलेली. तेव्हा स्वतः बटणं लावत होता हे त्यात लिहिलेलं असतं. आज लावत नसेल तर काहीतरी बिनसलंय. पालक तो कागद फक्त सवलतींसाठी जपून ठेवतात.

आणि शब्दाबद्दल. मी मुलांना ‘उदास वाटतं का’ विचारलं तर ती माझा चेहरा बघून हो किंवा नाही म्हणतात, मला हवं ते. ‘करमतंय का?’ विचारलं तर खरं उत्तर येतं. कारण ते घरी ऐकलेलं असतं. ‘आजोळी करमलं नाही’, ‘ताई सासरी गेली, करमत नाही’. तो उदबत्तीवाला मुलगाही पोट सोडून पहिल्यांदा काही बोलला ते ‘‘आईबिगर करमत न्हाई’’.

लेस्टरकरीण
ताई, हे फार उपयोगी आहे. ‘तुमच्या मुलाला करमेनासं झालंय का?’ असा मथळा केला तर काकू उलगडून वाचतील असं वाटतं.

शुद्धमती
पण करमणे म्हणजे वेळ बरा जाणे. करमणूक त्यातलीच. मला वाटतं मूळ ‘क्रमणे’, काळ क्रमणे. आजाराला हा शब्द फार हलका पडतो. टीव्ही लावून देतील आणि म्हणतील, झाली करमणूक. मथळ्यात आजार म्हटलंच पाहिजे.

निवांत
यावर मी शुद्धमतींच्या बाजूने आहे. तपासताना ‘करमतंय का’ विचारावं, पण कागदावर ‘डिप्रेशन’च लिहावं. तो शब्द आता रिक्षावाल्यालाही कळतो आणि गोळी घ्यायची की नाही हे त्याच शब्दावर ठरतं.

रानफूल
मला उलट वाटतं. ‘डिप्रेशन’ शिकलेल्या, बोलक्या माणसांचा आजार आहे असं आमच्या घरात सगळ्यांनी धरलं होतं. भावाचं एक वर्ष त्यात गेलं.

वऱ्हाडपांढरी
‘करमत नाही’ मथळ्यात टाकण्याआधी एक पाहा. आमच्याकडे ‘गमत नाही’ म्हणतात. माझी आजी कधी ‘करमत नाही’ म्हणालेली मला आठवत नाही.

जुना_मास्तर
गमणे तर जुनं मराठी आहे! कवितेत ‘मज गमे’ येतं ते ‘वाटणे’ या अर्थी. वऱ्हाडात त्याचं ‘मन रमणे’ कधी झालं असावं?

वऱ्हाडपांढरी
वाटणे या अर्थी आम्ही वापरत नाही, मास्तर. आमचं फक्त नकारातच जास्त येतं. झाडीपट्टीत काय म्हणतात ते मला माहीत करून घ्यायचंय. भंडारा-गोंदियाकडचं कुणी आहे का इथे?